त्याग कुणी करायचा?

शाळामास्तराच्या वाट्याला दर वर्षी काही ठरलेली भाषणे येतात. पंधरा ऑगस्टचे एक, गुरुपौर्णिमेचे एक, दहावीच्या निरोपसमारंभाचे एक. माझ्याकडे त्यांत आणखी एकाची भर आहे. तालुक्याच्या स्पर्धांना आमच्या शाळेचा क्रिकेटचा संघ निघाला, की आदल्या संध्याकाळी मुलांना मैदानावर गोल बसवायचे आणि एकी व त्याग या विषयावर अर्धा तास बोलायचे. पाच बोटांची मूठ, काटक्यांची मोळी, मुंग्यांची रांग, सारे दृष्टान्त त्यात येऊन जातात. मुले माना डोलावतात. त्यांतली निम्मी उद्याच्या वडापावाचा विचार करीत असतात हे मला ठाऊक असते. त्यांच्या वयात मीही दुसरे काही करीत नव्हतो.

चार वर्षांपूर्वी मोळीचा आणि मुंग्यांचा मलाच कंटाळा आला, म्हणून मी मुलांना एक खरी गोष्ट सांगितली. बाळू पालवणकर या थोर गोलंदाजाची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या हिंदू संघातून ते खेळत. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू आत पेल्यातून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. का, तर जात चांभाराची. "तरी त्यांनी तक्रार केली नाही," मी म्हणालो, "संघासाठी मान-अपमान गिळला आणि खेळत राहिले. त्याग म्हणतात तो हा!"

माझा आवाज बहुधा थोडा भरून आला असावा. तेवढ्यात कडेला बसलेल्या एका मुलाने हात वर केला. आमच्या संघाचा तो सर्वांत चांगला गोलंदाज. सलग तीन वर्षे त्याच्या जिवावर आम्ही सामने जिंकत होतो आणि तिन्ही वर्षे कप्तानपद दुसऱ्याच मुलाकडे गेले होते. त्या वर्षी ते ज्या मुलाकडे गेले, त्याच्या घरून संघाला नव्या बॅटी आणि पॅड मिळाले होते. निवड जाहीर होण्यापूर्वी या मुलाला बाजूला घेऊन, पाठीवर हात ठेवून "बाळा, तू मन मोठं कर" असे मीच सांगितले होते.

त्याने विचारले, "सर, तो त्याग होता की नाइलाज?"

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "चला, उशीर झाला. उठा."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला गोष्ट आपल्याला हवी तेथे थांबवण्याची वाईट खोड असते. मीही बाळूंची गोष्ट चहाच्या भांड्यापाशी थांबवली होती. त्यापुढे काय झाले ते मी कधी नीट वाचलेच नव्हते, कारण माझ्या भाषणाला तेवढी पुरेशी होती. पुढे मी ती शोधून शोधून वाचली. ती अख्खी गोष्ट आज सांगायची आहे.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराण्याचे मूळ कोकणातल्या पालवण गावी. आडनाव त्यावरून पडले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुले पुण्यात वाढली. गोरे अधिकारी जुनी झालेली बॅट किंवा शिवण उसवलेला चेंडू टाकून देत, तेच या भावांचे पहिले खेळणे. घरात खाणारी तोंडे फार, म्हणून शाळा सुटली आणि बाळू पारशांच्या एका क्लबात कामाला लागला. खेळपट्टी झाडायची, तिच्यावरून रोलर फिरवायचा, सभासदांना चेंडू टाकायला माणूस कमी पडला तर तोही टाकायचा. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात आला. काम तेच. जाळ्या ठोकायच्या, चुन्याचे पट्टे आखायचे, खेळपट्टीवर पाणी मारायचे. पण येथे त्याला ग्रेग नावाचा एक साहेब भेटला. लष्करातला हा अधिकारी त्या काळच्या हिंदुस्थानातला नामांकित गोरा फलंदाज होता. सराव चांगला व्हावा म्हणून तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूला चेंडू टाकायला लावी. बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकी. रोज तासन् तास असा चेंडू टाकून टाकून त्या पोराचा हात इतका तयार झाला, की चेंडू कोठे पडावा आणि पडल्यावर कोणीकडे वळावा हे जणू तो चेंडूच्या कानात सांगून ठेवी. मात्र त्या क्लबात इतकी वर्षे राबून बाळूच्या हाती कुणी बॅट दिली नाही. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि तो टोलावणे हे साहेबाचे, अशी ती वाटणी होती.

साहेबांच्या क्लबातला हा गोलंदाज पुण्याच्या हिंदू खेळाडूंच्या डोळ्यांत भरला नसता तरच नवल. त्यांना गोऱ्यांना हरवायचे होते आणि गोऱ्यांचा सर्वांत मोठा फलंदाज ज्याच्या चेंडूवर रोज चाचपडतो तो मनुष्य तर आपल्याच गावात, आपल्याच धर्माचा. अडचण एकच. त्याला संघात घेतले तर त्याने हाताळलेला चेंडू आपणही हाताळायचा. पुण्यात यावर बराच खल झाला. काहींनी कडाडून विरोध केला. शेवटी गोऱ्यांना हरवण्याची इच्छा विटाळाच्या भीतीहून थोडी वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

ही तडजोड कशी होती ते पाहण्यासारखे आहे. चेंडू कातड्याचा, तो बाळूंच्या हातून यष्टिरक्षकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्या क्षेत्ररक्षकाकडे असा दिवसभर फिरे आणि कुणाला काही होत नसे. पण खेळ थांबून चहा आला, की तोच हात विटाळाचा होई. बाहेर मातीचे भांडे. जेवायला वेगळी जागा, वेगळे ताट. तोंड धुवायला पाणी हवे असले तर अस्पृश्य गड्याने ते कोपऱ्यात आणून द्यायचे. खेळाच्या पट्ट्याच्या आत एक धर्म आणि पट्ट्याबाहेर दुसरा! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोर पुरुषाने त्या वेळी पुण्याच्या खेळाडूंचे कान उपटल्याचे सांगतात: ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत? हरकत होतीच. ती एका बोलण्याने जाणारी नव्हती.

माझे भाषण मी येथे संपवीत असे. बाळूंनी हे सहन केले, म्हणून तो त्याग. आता वाटते, वीस-बावीस वर्षांच्या त्या तरुणापुढे दुसरा रस्ता कोणता होता? भांडे नाकारले असते तर संघ नाकारावा लागला असता. संघ नाकारला असता तर जन्मभर खेळपट्ट्या झाडणे आले. माझ्या विद्यार्थ्याचा शब्दच बरोबर. नाइलाजाला त्याग म्हणून त्याची पूजा बांधणे, ही ज्यांच्यामुळे नाइलाज झाला त्यांची सोय आहे.

१८९६ साली प्लेग आला. पालवणकर मंडळी पुणे सोडून मुंबईला आली. तेथे दोन वर्षांपूर्वीच हिंदू जिमखाना निघाला होता. बाळूंना घेण्यास तेथेही काही सभासदांनी हरकत घेतली, पण कप्तानाने आग्रह धरला आणि ते खेळू लागले. पोटापाण्याला बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी होती. धाकटा भाऊ शिवराम तोवर उत्तम फलंदाज झाला होता. त्याच्या पाठचे गणपत आणि विठ्ठलही पुढे नाव काढणार होते.

मुंबईत तेव्हा क्रिकेटचे संघ जातिधर्मावर असत. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांचे वार्षिक सामने होत. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांशी प्रथमच मोठा सामना खेळला, आणि तोही ज्या बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे त्याच्या मैदानावर. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या; युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात साहेबांची जी दाणादाण उडाली तिचे मोठे श्रेय बाळूंच्या फिरकीला होते. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला तो काळ. त्या विजयाचा आनंद केवढा झाला असेल याची कल्पना करा!

पण मला त्या विजयापेक्षा आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटते. मुंबईच्या जिमखान्यात तोवर पालवणकर बंधू इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसून जेवू लागले होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारक पत्राने नेमके यावर बोट ठेवले. पुण्याने त्यांना खेळायला घेतले, मुंबईने एक पाऊल पुढे जाऊन जेवायलाही घेतले, आणि हा विजय त्या सुधारणेचाही आहे, असा त्या लेखाचा आशय होता. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या पंक्तीपर्यंत यायला दहा-बारा वर्षे लागली. या वर्षांत त्याग झाला असेल तर तो कुणाचा? ज्यांनी आपली सोवळ्याची ऐट सोडली त्यांचा. बाळूंनी काही सोडले नाही. ते त्यांच्या हक्काच्या जागेवर फक्त येऊन बसले.

१९०७ पासून तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. दरम्यान, १९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला. हिंदू, पारशी, मुसलमान सगळे एका संघात. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. आरंभीचे सामने एकामागून एक हरले. महाराजांचे चित्त खेळापेक्षा दरबारी समारंभांत अधिक. थोडे सामने झाल्यावर ते बाजूलाच झाले. अशा निर्नायकी संघाला बाळूंनी आपल्या खांद्यावर वाहिले. पस्तिशीतला हा मनुष्य दुखऱ्या खांद्यानिशी थंडीवाऱ्यात चेंडू टाकत राहिला. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून जो विजय मिळाला त्यात शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या. इंग्लंडातल्या जाणकारांनी बाळूंची वाखाणणी केली. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते आणि या गोलंदाजाचा त्यांना मोठा अभिमान होता.

एवढे झाल्यावर कप्तानपद बाळूंचेच, असे कुणीही म्हणेल. अनुभव त्यांचा मोठा, वय मोठे, कीर्ती मोठी. पण वर्षामागून वर्ष गेले आणि निवड समितीने त्यांना कधी कप्तान केले नाही. गोलंदाजी करून घ्यायला जात आड येत नव्हती, पंक्तीला बसवायलाही येईनाशी झाली. पण आमच्या ब्राह्मण-प्रभू मुलांना "तू येथे उभा राहा, तू तेथे उभा राहा" असे चांभाराने सांगायचे? तेवढे मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना. माणूस ताट वाटून देतो, पण आज्ञा वाटून देताना त्याचा हात आखडतो.

आता मुकुंदराव पै यांची गोष्ट सांगतो. एम. डी. पै हे गौड सारस्वत ब्राह्मण, उत्तम फलंदाज आणि हिंदूंचे कप्तान. १९१३ साली त्यांचा एक सत्कार झाला. अशा वेळी मनुष्य आभार मानतो, हार घालून घेतो आणि घरी जातो. पैंनी भर सभेत सांगितले, की हा मान माझ्या मित्राला, बाळूला, मिळायला हवा होता; संघातला ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू तो आहे. आपल्या सत्कारात आपल्यावर झालेली कृपा अन्यायाची होती असे सांगायला किती धैर्य लागते, हे ज्यांना कधी शाल-श्रीफळ मिळाले आहे त्यांनी मनाशी ठरवावे. समितीने ऐकले नाही. पण एक माणूस तरी बोलला.

मग आले १९२० साल. त्या वर्षी जानेवारीत आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांना जाहीर पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये टिळक गेले. गांधींची असहकाराची चळवळ सुरू झाली. स्वराज्य मागणाऱ्यांना अस्पृश्यतेचा जाब विचारला जाऊ लागला होता. अशा वेळी चौरंगी सामने आले. बाळू चव्वेचाळिशीत होते; त्यांना वगळण्यात आले. गणपत त्याच वर्षी अकाली वारला होता. संघात शिवराम आणि विठ्ठल राहिले. पहिल्या सामन्याआधी कप्तान पै आजारी पडले. आता तरी ज्येष्ठतेने कप्तानपद पालवणकरांकडे यावे असे अनेकांना वाटत होते. समितीने ते दि. ब. देवधरांना दिले. देवधर पुण्याचे, संस्कृतचे प्राध्यापक, आणि खेळाडू म्हणून अव्वल दर्जाचे; त्यांच्या गुणाबद्दल वाद नव्हता. वाद होता तो रांगेत पुढे उभे असलेल्यांना मागे का लोटले याचा.

शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली, आणि नुसती मुकाट्याने नव्हे. वर्तमानपत्रातून आपली बाजू उघडपणे मांडली: आम्ही इतकी वर्षे निष्ठेने खेळलो, कप्तानपद खेळाच्या योग्यतेवर द्यायचे की जातीवर, याचा निर्णय झाला पाहिजे, स्वाभिमान सोडून आम्हाला खेळता येणार नाही.

शिक्षकाच्या चष्म्यातून मी हे पूर्वी पाहिले असते तर काय म्हणालो असतो ते मला पक्के ठाऊक आहे. "ऐन सामन्याच्या तोंडावर संघ सोडला! याला का एकी म्हणतात?" आमच्या शिक्षकांच्या खोलीत अशा मुलाला 'डोईजड' म्हणतात. पण जरा थांबून पाहा. वर्षातून एकदा येणारे ते सामने, मैदानाभोवती मुंबई लोटलेली, खेळाडूच्या उमेदीची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते सगळे त्या भावांनी आपण होऊन सोडले. कुणी ओढून घेतले नव्हते. खेळत राहणे सोपे होते. कुणी नावे ठेवली नसती, उलट मोठ्या मनाची म्हणून वाखाणलेच असते. त्याग शोधायचाच असेल तर तो मला चहाच्या भांड्यात सापडत नाही, येथे सापडतो. आपल्या हातात असलेली, आपल्याला प्रिय असलेली गोष्ट, आपल्यानंतर येणाऱ्यांची वाट सरळ व्हावी म्हणून सोडणे, याखेरीज त्यागाची दुसरी व्याख्या मला ठाऊक नाही.

आणि गंमत पाहा, एकी झाली ती त्यानंतर! लोकमत भावांच्या बाजूने उभे राहिले. पारशांबरोबरच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन कप्तान म्हणून परतले, बाळूंना उपकप्तान म्हणून सन्मानाने परत बोलावले आणि शिवराम-विठ्ठलही संघात आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. ते बाहेर गेले म्हणजे संघ उपकप्तानाच्या हाती आला. तेवढा वेळ का होईना, खेळपट्टी झाडण्यापासून सुरुवात केलेल्या बाळूंनी हिंदूंच्या संघाला हात करून जागा नेमून दिल्या, आणि ब्राह्मण-प्रभूंची मुले सांगितल्या जागी जाऊन उभी राहिली. आकाश कोसळले नाही. सामना अनिर्णित राहिला आणि विजेतेपद दोन्ही संघांत वाटून गेले.

पैंचे ते मैदानातून बाहेर जाणे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चालत चालत सीमारेषेपलीकडे जायचे, एवढेच. त्यांनी १९१३ साली जे तोंडाने सांगितले होते ते सात वर्षांनी पायांनी करून दाखवले. ज्याच्याकडे मान आहे त्याने तो स्वतः बाजूला होऊन दुसऱ्याला द्यावा, हा या कथेतला दुसरा त्याग. एकीकडून भावांची माघार आणि दुसरीकडून पैंचे बाहेर जाणे, या दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा कोठे संघ एक झाला. नुसत्या एका बाजूने तो झाला नसता.

यानंतर तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदूंचा कप्तान झाला. त्याच्या हाताखाली देवधरही खेळले. त्या वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांचा पराभव झाला आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानीत, त्यांच्यातला एक जण सवर्णांच्या खांद्यावर बसून चालला होता! विठ्ठलच्या कप्तानीत १९२५ आणि १९२६ सालीही हिंदू जिंकले. पुढे १९४८ साली त्याने 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आमच्या भाषेचे हे केवढे भाग्य! आणि आम्ही ते किती जणांनी वाचले?

बाळूंना स्वतःला मात्र कप्तानपद रीतसर कधीच मिळाले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येकी सुमारे पंधरा धावांना एक, हा त्यांचा हिशेब कागदावर राहिला. पुढे ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. ज्या तरुणाला एके काळी त्यांचा अभिमान वाटे त्याच्याशीच सामना! सवर्णांच्या संघात राहून जागा मिळवावी असे एकाला वाटे, कारण त्याने ती अशी इंचाइंचाने मिळवली होती. संघाचे नियमच बदलल्याशिवाय भागणार नाही असे दुसऱ्याला. दोघांच्याही पाठीशी आपापले आयुष्य होते. १९५५ च्या जुलैत बाळू मुंबईत वारले. धर्मावर आधारलेले ते सामनेही त्यापूर्वी, १९४६ साली, कायमचे बंद झाले होते. ते योग्यच झाले. धर्माधर्मांत फूट पाडतात म्हणून गांधींनी १९४० सालीच त्यांना विरोध केला होता. पण फुटीच्या त्या मैदानावरच एका समाजाला आपल्यातली फूट दिसली, हे विसरून चालणार नाही.

तर अशी ही गोष्ट. ती वाचून झाली तेव्हा माझ्या भाषणातले 'त्याग' आणि 'एकी' हे दोन्ही शब्द मला पुन्हा तपासून घ्यावे लागले. त्यागाचा उपदेश आपण कुणाला करतो? ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याला. कप्तानाला, देणगी देणाऱ्याच्या मुलाला, पहिल्या बाकावरच्याला 'तू सोड' असे सांगायला आपली जीभ रेटत नाही. शेवटच्या बाकावरच्याला सांगायला रेटते. आणि हे मैदानापुरतेच आहे काय? दिवाळीचा हा अंक ज्या घरात उघडला असेल तेथे आज फराळाची ताटे मांडली असतील. चार रात्री जागून ज्या हातांनी चकल्या पाडल्या, करंज्या भरल्या, ते हात सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले घेऊन बसतील. त्याला आपण मोठ्या कौतुकाने आईचा त्याग म्हणतो. तिला कुणी एकदा विचारले आहे काय, की हा त्याग की नाइलाज? पैंनी मैदानाबाहेर पाऊल टाकले तसे आपणही एखाद्या पाडव्याला ताटावरून उठून तिला आधी बसवायला काय हरकत आहे?

मी माझी चूक दुरुस्त केली असे म्हणणे खोटे होईल. त्या वर्षी स्पर्धा झाल्या, आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. त्या मुलाने एका डावात पाच बळी घेतले आणि परतीच्या एस. टी. त तो खिडकीशी डोके टेकून झोपला. पुढल्या मार्चात तो दहावी होऊन गेला. शाळेत असताना त्याला त्याचे कप्तानपद मिळाले नाही आणि आता मिळण्याची सोय नाही. मास्तराच्या चुकांचे असेच असते. त्या दुरुस्त करायच्या वेळेपर्यंत मुले निघून गेलेली असतात.

तेव्हापासून कप्तानाची निवड मी मुलांदेखत करतो. गेल्या तीन वर्षांच्या धावा, बळी आणि सरावाची हजेरी फळ्यावर लिहितो आणि कारण सांगून नाव जाहीर करतो. एकीवरचे भाषणही करतो, पण निवडीनंतर. आणि बाळूंची गोष्ट आता चहाच्या भांड्यापाशी थांबवीत नाही. पैंपर्यंत आणि विठ्ठलपर्यंत नेतो. पहिल्या वर्षी दोन पालक भेटायला आले, एकाने पुढल्या बॅटींची आशा सोडा असे सुचवले. जुन्या बॅटींना दोरा गुंडाळून आम्ही खेळलो.

यंदा गणपतीत तो मुलगा भेटला. आता चांगला उंच झाला आहे. दिवसा एका दुकानात काम करतो, संध्याकाळी कॉलेजात जातो, रविवारी गावाच्या संघातून खेळतो. आरतीनंतर मी त्याला बाजूला घेतले. पाठीवर हात ठेवणार होतो, तो मागे घेतला. म्हणालो, "तू त्या वेळी विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं. नाइलाजच होता तो. आणि तुझ्या बाबतीत चूक माझी होती."

तो जरा गोंधळला. मुलांना मास्तरांच्या माफीची सवय नसते. हातातला प्रसाद त्याने या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "सर, यंदा कप्तान कोण आहे?"

मी नाव सांगितले. आठवीतला पोरगा, डावखुरा फिरकी गोलंदाज, घरची परिस्थिती बेताची.

"पाहिलाय मी त्याला," तो म्हणाला. "चेंडू छान वळतो त्याचा. फक्त क्षेत्ररक्षण लावताना लाजतो. रविवारी येऊ का मैदानावर? शिकवीन त्याला."

तेव्हापासून तो रविवारी सकाळी येतो आहे.